खिडकी डावीकडे का होती?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. वेळेअभावी राहिलेले एक-दोन मुद्दे लिहिताना जोडले आहेत.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा मला विषय दिला होता, 'एआय आणि उद्याचं जग'. मी म्हटलं, त्यावर इथे बसलेल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर रोज दहा व्हिडिओ येतात, अकरावा माझा कशाला? मला उजेडावर बोलू द्या. पलीकडे जरा शांतता पसरली. मग सावधपणे विचारणा झाली, "आध्यात्मिक आहे का?" नाही. मी बोलणार आहे तो खिडकीतून फुकट येणारा उजेड. त्याचा हिशेब मांडता येतो, आणि तो दहावीच्या त्रिकोणमितीपलीकडे जात नाही. गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत म्हणून हे मुद्दाम सांगते.

आधी आपला वर्ग डोळ्यांसमोर आणा. फळा पूर्वेच्या भिंतीवर, बाकं त्याच्याकडे तोंड करून. डाव्या हाताला तीन उंच खिडक्या, उजव्या हाताला दार आणि व्हरांडा. शेजारचा वर्ग तसाच, त्याच्या शेजारचाही तसाच. इतकी वर्षं मी हे रोज पाहिलं आणि कधी मनात आलं नाही की खिडक्या सगळीकडे डावीकडेच का? उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून मिळाला की हाताची सावली अक्षरावर पडत नाही, म्हणून. शाळा बांधणाऱ्यांचा हा जुना दंडक आहे. शिवाय आपल्या खिडक्या उत्तरेच्या. उत्तरेच्या खिडकीतून ऊन फारसं येत नाही, आकाशाचा उजेड येतो. सकाळच्या पहिल्या तासाला जसा, जवळजवळ तसाच शेवटच्या तासाला. ज्याने ही इमारत आखली त्याचं नाव आपल्या कोनशिलेवर नाही, देणगीदारांची आहेत. असो.

मी डावखुरी. माझ्या हाताची सावली माझ्याच ओळीवर पडायची आणि मला वाटायचं, माझं अक्षरच मळकट आहे. सहामाहीनंतर बाईंनी काही न बोलता मला उठवून दारापाशी बसवलं. तिथे व्हरांड्यातून, उजवीकडून उजेड यायचा. बाई, तुम्हाला हे आठवत नसेल. मला तेव्हा वाटलं होतं की बडबड करते म्हणून शिक्षा झाली.

पण उजेडाचा नाद मला लागला तो शाळेमुळे नाही, आईच्या स्वयंपाकघरामुळे. आई-बाबा अजून पेठेतच राहतात, दुसऱ्या मजल्यावर. तुमच्यातले बरेच जण आमच्याकडे गणपतीला जेवून गेले आहेत. शेजारी वाडा होता, तो आठवत असेल. तीन वर्षांपूर्वी तो पाडला आणि तिथे सात मजले उभे राहिले. आता आई सकाळी अकरा वाजता ट्यूब लावून तांदूळ निवडते. तिची तक्रार काही नाही. "वीज आहे ना, मग झालं," म्हणते. चिडले मी. शनिवार-रविवार कायद्याची पुस्तकं चाळली आणि त्यात मला एक सुंदर शब्द सापडला: सुखाधिकार. इंग्रजीत ज्याला ईझमेंट म्हणतात त्याला मराठीत हा शब्द ज्याने दिला त्याला माझा नमस्कार. १८८२ चा भारतीय सुखाधिकार अधिनियम आहे, आणि त्याचं पंधरावं कलम सांगतं की एखाद्या इमारतीला हक्क म्हणून, शांतपणे, अखंड वीस वर्षं उजेड आणि हवा मिळत आली असेल, तर तो तिचा हक्क पक्का होतो. आमची खिडकी छत्तीस वर्षांची. मी विजयी मुद्रेने बाबांना हे वाचून दाखवलं.

बाबा म्हणाले, "आपल्या मागच्या आजी आठवतात का तुला?"

आठवत होत्या. आमच्या इमारतीमागे एक बैठं कौलारू घर होतं. त्या आजी अंगणात पापड-कुरडया वाळत घालायच्या. आमची इमारत झाली तीही एक वाडा पाडूनच. तिसरा मजला चढला त्या उन्हाळ्यापासून त्यांच्या अंगणात ऊन यायचं थांबलं. आम्ही नव्या घरात पेढे वाटले, त्यांनाही दिले. त्यांच्या घराला वीस नाही, साठ वर्षं तरी झाली असतील. त्या काही कोर्टात गेल्या नाहीत.

आम्ही दावा लावला नाही. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात बसली. दाट वस्तीत प्रत्येक भिंत कुणाचा तरी उजेड घेते. पाणी घेतलं तर भांडण होतं, जागा घेतली तर मोजणी होते. उजेड घेतला तर समोरचा उठतो आणि दिवा लावतो.

इथे लगेच वाड्यांचं गुणगान सुरू होतं म्हणून दोन शब्द. चौक म्हणजे वाड्याची मोठी अक्कल होती, यात शंका नाही. तिन्ही-चारी बाजूंनी बांधायचं आणि मधे आकाशाचा एक तुकडा सगळ्यांसाठी ठेवायचा. पण त्या तुकड्याचा उजेड पडायचा कुठे? ओसरीवर, सोप्यावर, जिथे पुरुष मंडळी बसायची तिथे. माजघरात मिणमिण. स्वयंपाकघरात धूर, आणि कौलात काच बसवलेली असली तर एक कवडसा. सगळ्यांत अंधारी खोली बाळंतिणीची. घरातसुद्धा उजेड मानाप्रमाणे वाटला जायचा. माझी आजी त्या चौकाबद्दल कधी हळवी झालेली मी पाहिली नाही.

उजेड सक्तीने वाटून देण्याचा मोठा प्रयत्न आपल्याकडे झाला तो मुंबईत, आणि त्याला निमित्त झालं प्लेगचं. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. त्या वेळच्या अधिकाऱ्यांची समजूत अशी की हा रोग अंधारातून, ओलीतून, कोंदट हवेतून येतो. सरकारी पथकं घरांत शिरली. छपरांची कौलं काढून उजेड आत सोडला. जी घरं राहायला नालायक ठरली त्यांच्या भिंतींवर 'यूएचएच' अशी इंग्रजी अक्षरं रंगवली. पुण्यात त्याच साथीतल्या घरझडत्यांचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर कसा झाला, ते इतिहासाच्या सरांनी आपल्याला शिकवलं आहे.

गंमत अशी की निदान चुकलं होतं. प्लेग पसरतो उंदरांवरच्या पिसवांमुळे, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये दाखवलं. पिसवेला उजेड-अंधाराचं फारसं सोयरसुतक नसतं. पण त्याच अंधाऱ्या खोल्यांत दुसरा एक रोग गाजावाजा न करता माणसं नेत होता, तो म्हणजे क्षय. त्याचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये शोधला आणि थेट उन्हात तो मरतो हेही त्यानेच पुढे सांगितलं. खोलीत उजेड येतो त्या वाटेने हवाही येते, आणि हवा खेळली की रोग्याच्या खोकल्यातले जंतू खोलीत साचून राहत नाहीत. चुकीच्या शत्रूवर सोडलेला बाण योग्य शत्रूला लागावा, तसं झालं. आमच्या कामातही असं होतं. एक बिघाड शोधताना भलतीच दुरुस्ती करतो आणि तिसराच बिघाड नाहीसा होतो. फक्त आम्ही ते कबूल करत नाही.

१८९८ मध्ये मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्या कामात एक आकडा आला: साडेत्रेसष्ट अंश. लंडनच्या १८९४ च्या इमारत कायद्यातही हाच कोन आहे. आता वहीवर आकृती काढल्यासारखं डोळ्यांपुढे आणा. तुमच्या भिंतीच्या पायथ्याशी उभे राहा आणि समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे बघा. तुमच्या नजरेचा जमिनीशी होणारा कोन साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त नको. साडेत्रेसष्टचा टॅन म्हणजे जवळजवळ बरोबर दोन. म्हणजेच मधे जितकी जागा मोकळी सोडाल, त्याच्या दुप्पट उंच बांधा, त्याहून उंच नको. लंडनला डिसेंबरात भर दुपारी सूर्य जेमतेम पंधरा अंश वर येतो, मुंबई-पुण्यात अठ्ठेचाळीसच्या आसपास. तेव्हा तोच कोन आपल्याला त्यांच्यापेक्षा पुष्कळ जास्त देतो. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईच्या घरांतला उजेड आणि हवा या विषयावर अख्खं व्याख्यान दिलं होतं. तेव्हा या विषयावर श्रोत्यांना ताटकळत ठेवणारी मी पहिली नाही.

या ट्रस्टला डोक्यावर घ्यायचं कारण नाही. त्याने खोल्या जास्त पाडल्या आणि कमी बांधल्या. हटवलेले गरीब आणखी दाट चाळींत जाऊन राहिले. पण दादर-माटुंग्याच्या हिंदू कॉलनीत किंवा पारशी कॉलनीत एकदा दुपारी चालून बघा. बेताची उंची, दोन इमारतींमध्ये अंतर, तळमजल्याच्या खिडकीतून आकाश दिसतं. तिथल्या सुखामागे झाडं आहेत तसाच हा कोनही आहे.

आता तिथून लोकलने गोवंडी-मानखुर्दला या. रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांसाठी ज्यांची घरं हलवली, त्यांना इथे सदनिका दिल्या. लल्लुभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड ही नावं बातम्यांत वाचली असतील. त्यातल्या काही इमारती सात-सात मजल्यांच्या, आणि दोन इमारतींमध्ये अंतर तीन मीटर. आकडेमोड तुम्हीच करा. बावीस मीटर उंची धरली तर बावीस भागिले तीन. कोन ब्याऐंशी अंशांच्या वर जातो. तळमजल्याच्या खिडकीला आकाशाची नुसती फट उरते, आणि त्या फटीतून वरच्यांचं पाणी आणि कचरा पडतो म्हणून खिडकीही बंद. 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबईचे संशोधक यांनी काही वर्षांपूर्वी या वसाहतींचा अभ्यास केला. जिथे ऊन आणि हवा कमी, तिथे क्षयाचे रुग्ण जास्त, आणि खालच्या मजल्यांवर आणखी जास्त, असं त्यांना आढळलं. शंभर वर्षांपूर्वी चुकून सापडलेलं उत्तर आपल्या हातात होतं. पुनर्वसनासाठी ते नियम सैल केले गेले, कारण तितक्या जागेत तितकी घरं बसवायची होती. जागा वाचली. ती कुणाच्या छातीतून वाचली, एवढाच प्रश्न आहे.

शहर उजेड घेतं तसं देतंही. वरळीत 'अभ्यास गल्ली' नावाची गल्ली आहे. बीडीडी चाळींतली आणि आसपासची मुलं कित्येक वर्षं रात्री तिथे रस्त्याच्या दिव्याखाली बसून अभ्यास करतात. घरात दहा बाय बाराची खोली, टीव्ही चालू, धाकटी भावंडं झोपलेली. म्हणून महापालिकेच्या दिव्याखाली शांतता शोधायची. त्यातून मोठे झालेल्यांच्या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो. मला कौतुक वाटतंच, पण मुलाला वाचायला घराबाहेर पडावं लागतं हे विसरून टाळ्या वाजवता येत नाहीत.

आता आपल्या शाळेकडे येते. इथे मला एक कबुली द्यायची आहे.

वीस वर्षांच्या मेळाव्यात आपण शाळेला चार प्रोजेक्टर दिले. कल्पना माझी होती, तुम्ही पैसे जमवले. पहिल्या दिवशी दिसलं की खिडक्यांच्या उजेडात पडद्यावरचं चित्र फिकं पडतं. मी फोनवरून सांगितलं, "जाड काळे पडदे लावा." लावले. गेल्या वर्षी एका कामासाठी शाळेत आले आणि मधल्या सुट्टीत आपल्या वर्गात जाऊन बसले. पडद्यांच्या दांड्या कधीतरी तुटल्या होत्या आणि पडदे चौकटीला खिळ्यांनी ठोकले होते. प्रोजेक्टर बंद पडून दोन वर्षं झाली होती. मी मोबाइलवर उजेड मोजला. खिडकीजवळच्या बाकावर ४० लक्स. लिहा-वाचायला साधारण ३०० लागतात. एका पडद्याचे खिळे मी कंपासच्या टोकाने उचकटले आणि पुन्हा मोजला. ६०० च्या वर. शेजारी उभी असलेली सातवीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, इकडे झाड आहे?" तिने त्या वर्गात सबंध वर्ष काढलं होतं आणि खिडकीबाहेरचा कडुनिंब तिला माहीत नव्हता.

वीस वर्षं मी ज्या प्रकारच्या ऑफिसांत काम करते तिथेही हेच. बाहेरून सगळी काच, स्क्रीनवर चकाकी येते म्हणून आतून दिवसभर पट्ट्यांचे पडदे ओढलेले आणि वर ट्यूबलाइट. उजेड विकत घ्यायचा, अडवायचा आणि मग पुन्हा विकत घ्यायचा. ती सवय मी शाळेत आणून सोडली. दिवाळीत आपल्यातल्या तिघांनी येऊन नव्या दांड्या बसवल्या, आता पडदे सरकतात. ते काम एका दुपारचं होतं.

खरा प्रश्न पुढचा आहे. आपण या वर्षी निधी जमवतो आहोत तो नव्या इमारतीसाठी. जुन्या इमारतीच्या उत्तरेला, मैदानाच्या कडेने, तळमजला धरून तीन मजले, उंची ३६ फूट. दोन इमारतींमध्ये अंतर १२ फूट. छत्तीस भागिले बारा म्हणजे तीन. कोन साडेएकाहत्तर अंश. गोवंडीइतकं वाईट नाही, मान्य. महापालिकेच्या नियमांत बसतं असं वास्तुविशारदांनी सांगितलं, तेही खरं असेल. पण तळमजल्यावरच्या पाचवी-सहावीच्या वर्गांत उत्तरेचा उजेड राहणार नाही. मग पुन्हा ट्यूबलाइट, आणि आपण म्हणणार, वीज आहे ना. सुखाधिकाराचं कलम इथे कामाचं नाही. शाळा स्वतःच स्वतःची खिडकी झाकते तेव्हा दावा कुणी कुणावर लावायचा?

दोन उपाय आहेत. नवी इमारत सहा फूट उत्तरेला सरकवायची. छत्तीस भागिले अठरा म्हणजे दोन, कोन बरोबर बसतो. पण ते सहा फूट मैदानातून जातात आणि क्रीडाशिक्षक म्हणतात की खो-खोचं मैदान मग पुरं बसणार नाही. मैदानही उजेडच आहे, बरं का. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीतल्या मुलांना रोज चाळीस मिनिटं जास्त मैदानात नेलं. तीन वर्षांनी इतर शाळांत जिथे शंभरातल्या चाळीस मुलांना नव्याने जवळच्या नजरेचा चष्मा लागण्याची वेळ आली, तिथे या मुलांत हे प्रमाण तीसवर राहिलं. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. तेव्हा मैदानाला हात लावायला माझा विरोध आहे.

दुसरा उपाय एक मजला कमी करण्याचा. चोवीस भागिले बारा, पुन्हा दोन. त्यात तिसऱ्या मजल्यावरचा संगणक कक्ष जातो. त्याचा खर्च देण्याचं मी मार्चमध्ये कबूल केलं होतं आणि त्याच्या दारावर माझ्या आजीचं नाव लागणार होतं, म्हणून हे मीच बोललेलं बरं. संगणक कक्ष जुन्या इमारतीतल्या भांडार खोलीत जाऊ द्या. ती खोली तशीही काळोखी आहे. संगणकाला उजेड लागत नाही; मुलांना लागतो, पण तिथे ती आठवड्यातून दोन तास असतील. कबूल केलेले पैसे मी देणारच आहे. आजीच्या नावाचं नंतर बघू. चौकातल्या उजेडाची वाटणी तिने आयुष्यभर पाहिली होती, ती रागावणार नाही.

काही जणांचं मत वेगळं आहे, मला माहीत आहे. वर्ग कमी पडतात, विद्यार्थी वाढले आहेत, आज बांधलं नाही तर उद्या खर्च दुप्पट. हे मुद्दे खोटे नाहीत आणि मुख्याध्यापकांना ते रोज सोडवावे लागतात, मला नाही. म्हणून फक्त एवढंच केलं आहे की नकाशाच्या दोन्ही दुरुस्त्या काढून आणल्या आहेत. हॉलच्या मागच्या टेबलावर तिन्ही नकाशे ठेवले आहेत आणि शेजारी फळ्यावरचा मोठा लाकडी कोनमापक. तो बाईंच्या कपाटातून न विचारता आणला आहे. बाई, माफ करा. विश्वस्त मंडळाची बैठक साडेचारला आहे, जेवणं दोनपर्यंत आटोपतील. त्या मधल्या वेळात ज्यांना शक्य आहे त्यांनी सहावी अ च्या वर्गात जाऊन खिडकीशी बसून यावं, आणि मग नकाशावर सही करावी. कुठल्या नकाशावर, ते तुम्ही ठरवा.